टिप्याची जीभ बाहेर का?

मे महिन्यातला रविवार. शाळेला सुट्टी! हुबळीहून धारवाडकडे निघालं की वाटेत उणकल तलाव लागतो. तू, ताई, आई-बाबा, आजी आणि शेपटी हलवून हलवून दमलेला टिप्या असे सगळे तिथे पोचला आहात, असं धर. डब्यात गिरमिट, कागदात गुंडाळलेली गरमगरम मिर्ची भजी आणि धारवाडी पेढ्याचा पुडा. रस्त्यावरून चिगरी बस सुसाट निघाली आहे. ऊन मात्र नुसतं रणरणतंय!

तुझी पाठ घामाने चिंब. बाबांच्या शर्टावर घामाचे नकाशे. आणि टिप्या? अंगभर केसांचा कोट घालूनही तो कोरडा ठणठणीत! फक्त जीभ हातभर बाहेर, आणि हॅ-हॅ-हॅ-हॅ चालू.

आजी म्हणते, "दमलं गं लेकरू!"

दमलाय थोडासा, पण खरी गंमत वेगळीच आहे. ओळख बघू! टिप्याने स्वतःचा माठ सुरू केलाय!

घरातला मातीचा माठ आठव. त्याला बाहेरून हात लावला की ओलसर लागतो ना? मातीला अगदी बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपतं आणि हवेत उडून जातं. पण ते रिकाम्या हाताने जात नाही बरं का! जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून माठातलं पाणी गार. तुझा घामही हेच करतो. तू म्हणजे चालताबोलता माठ!

टिप्याला मात्र आपल्यासारखा अंगभर घाम येतच नाही. तसा घाम त्याला येतो फक्त पंजांच्या गाद्यांना! घाबरलेला किंवा तापलेला कुत्रा गुळगुळीत फरशीवरून गेला, की मागे छोटे ओले ठसे उमटतात. वाकून नीट बघ, कधीतरी दिसतील. पण एवढ्याशा चार पंजांनी एवढं मोठं अंग कसं गार होणार? म्हणून त्याचा माठ तोंडात आणि नाकात आहे.

हो, नाकातसुद्धा! धापा टाकताना कुत्रा बरीचशी हवा नाकाने आत घेतो आणि तोंडाने बाहेर सोडतो. नाकाच्या आत एक खास ग्रंथी असते. उकडायला लागलं की ती पाणी सोडते आणि आतली बाजू ओली ठेवते. हवा त्या ओलाव्यावरून जाते, मग ओल्या जिभेवरून बाहेर पडते. पाणी उडतं, उष्णता जाते, रक्त गार होतं. आणि तेच गार रक्त अंगभर फिरतं!

आता खरी कमाल ऐक. शांत झोपलेला टिप्या मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेतो. आणि धापा टाकताना? ३०० च्या पुढे! म्हणजे सेकंदाला ५! तू नुसतं दहा सेकंद तसं करून बघ. (नको, राहू दे, चक्कर येईल!) मग एवढी छाती हलवून टिप्याला उलट जास्तच उकडायला नको का?

नाही उकडत! का, ते बागेतल्या झोक्याला विचार. प्रत्येक झोक्याची आपली एक लय असते. त्या लयीत ढकललं तर एका बोटानेही तो उंच जातो. लय चुकवून ढकललं तर हात भरून येतात. टिप्याची छाती आणि फुप्फुसंही अशीच लवचीक आहेत. त्यांचीही एक ठरलेली लय आहे आणि धापांचा वेग नेमका तोच असतो! म्हणून धाप लागली की कुत्र्याचा श्वास हळूहळू वाढत बसत नाही, टुणकन उडी मारून थेट त्या लयीवर जातो. कमी कष्टात जास्त वारा! मला तर वाटतं, याला कुणीतरी बक्षीसच द्यायला हवं.

पण या माठाची एक खोड आहे. वळवाचा पाऊस पडून गेला आणि हवा दमट झाली, की पाणी पटकन उडत नाही. घरचा माठही तेव्हा जरा रुसतो. तशा दिवशी टिप्याला धापा टाकूनही फारसं गार वाटत नाही. बंद गाडीत तर विचारूच नको! उन्हात उभी केलेली गाडी पहिल्या दहा मिनिटांतच आतून जवळजवळ १० अंशांनी तापू शकते. "आत्ता येतो" म्हणून टिप्याला कधीच गाडीत ठेवायचं नाही. डांबरी रस्त्यावर नेण्याआधी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकव. सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पंजेही पोळतील.

आणि हो, गिरमिट त्याला चुकूनही देऊ नकोस! त्यात कांदा असतो. कांद्याने कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. टिप्या कितीही केविलवाणं बघू दे, तू पाण्याची वाटी पुढे कर.

तेवढ्यात टिप्या कुठे पळाला? तो बघ, तलावाकाठच्या ओल्या चिखलात पोट टेकून पसरलाय! आईने कपाळाला हात लावला, पण टिप्या हुशार आहे. पोटावर केस विरळ असतात, म्हणून गारवा तिथून लवकर आत शिरतो.

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या शेजारच्या एका पाहुण्याचं नाव घ्यायलाच हवं. धारवाडच्या उत्तरेला, बागलकोट जिल्ह्यात, मुधोळ नावाचं गाव आहे. तिथे पूर्वी घोरपड्यांचं मराठी संस्थान होतं. तिथला मुधोळ हाउंड जगात प्रसिद्ध! सडपातळ अंग, लांब पाय, आखूड केस. २००५ साली आपल्या टपाल खात्याने त्याचं चित्र असलेलं तिकीट काढलं. त्याच्यासारखे शिकारी कुत्रे जीव तोडून पळतात ना, तेव्हा एका झेपेत चारही पाय जमिनीपासून सुटतात. एकदा नाही, दोनदा! एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढेमागे ताणलेले असताना.

आता तुला एक काम. टिप्या रात्री गाढ झोपला, की त्याच्या बरगड्या किती वेळा वर येतात ते मिनिटभर मोज. आणि धापा? त्या डोळ्यांनी मोजताच येत नाहीत! बाबांच्या मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ काढ आणि मग एकेक धाप मोज. पण आकडा सांगायच्या आधी ताईकडून अंदाज लिहून घे. नाहीतर ती म्हणेल, "मला माहीतच होतं!"