'शासनमान्य' म्हणजे नक्की काय हो?

कॅम्पसमध्ये नाव लागलं नाही की पोरं कुठेकुठे धडकतात, ते मी याच वर्षी पाहिलं. आमच्या विंगमधला फायनल इयरचा एक दादा एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीत 'रजिस्ट्रेशन'चे साडेचार हजार भरून आला. सोबत मी होतो. बाहेर बोर्डवर 'शासनमान्य', आत साहेबांच्या डोक्यावर शिक्क्याची फ्रेम. मी पडलो कॉन्व्हेंटवाला! फ्रेममधलं जड मराठी बघूनच इम्प्रेस झालो आणि म्हणालो, "दादा, भरून टाक." दोन महिने झाले, एक इंटरव्ह्यू नाही. आता तर फोनही उचलत नाहीत.

होस्टेल ऑफिसमधल्या काकांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. "अरे, तो गुमास्ता! माझ्या मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीतपण तीच फ्रेम आहे." म्हणजे शॉप ॲक्टची नोंद. या जागेवर धंदा चालतो, एवढंच ती सांगते. नोकरी लावून देणारा माणूस कसा आहे, हे त्यात कोणी तपासलेलं नसतं.

मग खरं लायसन असतं तरी कुठे? परदेशातल्या नोकऱ्यांसाठी आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार रिक्रूटिंग एजंटला केंद्र सरकारच्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. मोठ्या एजंटला ५० लाखांची बँक गॅरंटी ठेवावी लागते. उद्या त्याने माणसाला फसवलं तर सरकारच्या हातात काहीतरी असावं म्हणून. उमेदवाराकडून किती पैसे घ्यायचे यालाही मर्यादा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, तेही पावती देऊन. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी साइटवर कोणालाही बघता येते.

एक गोष्ट मात्र आपल्यासाठी महत्त्वाची. दहावी पास असल्यामुळे आपल्या पासपोर्टला आखाती देशांत जाताना सरकारी क्लिअरन्स लागत नाही. सोय आहे खरी, पण आपलं कॉन्ट्रॅक्ट जायच्या आधी कोणी सरकारी माणूस बघत नाही. ते आपणच बघायचं!

देशातल्या नोकऱ्यांसाठी असा एक केंद्रीय लायसन कायदा नाही. काही राज्यांनी आपापले केले. छत्तीसगडने २०१३ मध्ये, झारखंडने २०१६ मध्ये. पण त्यामागे मुख्य काळजी होती ती घरकामासाठी शहरात नेल्या जाणाऱ्या मुलींची. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या करारात तर सरळ तत्त्व आहे: एजन्सीने फी घ्यायची ती कंपनीकडून, नोकरी शोधणाऱ्याकडून नाही. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. पण कन्सल्टन्सी पारखायला हा नियम आपल्याला चालतोच की! चांगल्या कन्सल्टन्सीला माणूस दिल्याबद्दल कंपनी पैसे देते. जी आधी तुमच्याकडेच मागते, तिची कमाई तुमची नोकरी लागण्याआधीच झालेली असते. मग ती धावपळ कशाला करेल?

तेव्हा पैसे काढण्याआधी तीन गोष्टी विचारा. लायसन कुठल्या कायद्याखाली? पैसे कशाचे? पावती देणार का? साहेब चिडले तर उठून या.

दादा मला अजून एका शब्दाने बोललेला नाही. पण "भरून टाक" मीच म्हणालो होतो, म्हणून हे लिहिलं.