निळ्या शाईची हिरवी ज्योत

डिसेंबर-जानेवारीत बोरिवली-मुलुंडकडे रात्रपाळीचे वॉचमन सोसायटीच्या गेटाशी शेकोटी करतात. सरपण कुठून आणणार? ऑनलाइन खरेदीचे खोके मात्र रग्गड. साधा खाकी पुठ्ठा पिवळा जळतो. त्यात टूथपेस्टचा रंगीत खोका पडला, की ज्योतीच्या कडेला कधी कधी हिरवट-निळी झाक उमटते. ती तांब्याची!

छपाईच्या चार मूळ शायांपैकी निळीत बहुधा कॉपर थॅलोसायनिन असतं. नत्राच्या चार अणूंच्या कोंदणात मधोमध तांब्याचा एकच अणू. १९३५च्या सुमारास बाजारात आलेलं हे रंगद्रव्य उन्हाला, साबणाला दाद देत नाही. त्याच्याच हिरव्या भावंडात तर क्लोरीनचे चौदा-पंधरा अणू असतात.

आणि खरी गंमत (गंमत कसली म्हणा!) ज्योतीत नाहीच, तिच्या वर आहे. धूर वर जाताना थंड होतो. साधारण २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात काजळीच्या कणांवर बसलेलं तांबं स्वतः खर्च न होता कर्ब आणि क्लोरीनची जुळणी करून देतं. त्यातून डायॉक्सिन नावाची विषारी संयुगं तयार होऊ शकतात. म्हणूनच कचरा जाळण्याच्या आधुनिक भट्ट्यांत धूर हा पट्टा झटकन ओलांडेल असा गार करतात. शेकोटीला किंवा पाणी तापवायच्या बंबाला ते कुठून जमायचं? एका खोक्यातून येणारं डायॉक्सिन अत्यल्पच. धुमसत्या पुठ्ठ्याचे बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र शेकणाऱ्याच्या थेट छातीत जातात.

चकचकीत खोक्याची राख पाहा. वरचा लेप चिनी मातीचा नि खडूचा, तो जळत नाही. राखेचा करडा पापुद्रा अख्खा उरतो आणि त्यावर कंपनीचं नाव वाचता येतं! बंबाच्या नळीतून असे पापुद्रे पेटते असतानाच उडतात, तो धोका वेगळाच.

रंग जळतो तो शेकोटीतच असं नाही. उपनगरांतल्या बेकऱ्यांच्या भट्ट्यांत जुन्या फर्निचरचं रंगवलेलं लाकूडही जात आलंय. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं.

बंब पेटवायला खाकी पुठ्ठ्याची पट्टी चालेल, चिकटपट्टी सोलून. रंगीत, गुळगुळीत, चंदेरी अस्तराचा पुठ्ठा मात्र आगीत नको. खोके सपाट करून ठेवा. रद्दीवाला किलोवर घेतो.