तीन दिवसांचे कारभारी

सुरतेहून भुसावळकडे येणारा ताप्ती खोऱ्याचा रेल्वेमार्ग 1900 च्या सुमारास पूर्ण झाला. नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव ही त्यावरची स्थानके खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासातही वारंवार भेटतात. 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि मिशनांचीही साधारण तशीच वाटणी दिसते. पूर्वेकडे, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात आणि शेजारच्या वऱ्हाडात, ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने काम उभारले. पश्चिमेकडे, म्हणजे आजच्या धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आले. फ्रेडरिक फ्रॅन्सन या स्वीडिश-अमेरिकन प्रचारकाने 1890 मध्ये शिकागोत स्थापन केलेली ही संस्था 1949 पासून 'टीम' या नावाने ओळखली जाते. कॅथलिक मंडळींसाठी नाशिक, नगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार मिळून नाशिकचा धर्मप्रांत 1987 मध्ये झाला.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू परतले. मागे चर्च, शाळा, वसतिगृहे, दवाखाने आणि शहरांच्या ऐन मोक्यावरच्या जमिनी राहिल्या. हा सगळा पसारा सांभाळायचा कोणी? खानदेशातल्या लहानशा मंडळ्यांपुढे हा प्रश्न आजही आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या जेमतेम एक टक्का, त्यातही मोठा वाटा मुंबई, वसई आणि पुण्याकडचा. इकडची शिकलेली पोरे नाशिक, पुणे, सुरत गाठतात. गावात पाळकसाहेब, दोन-चार वडीलधारे आणि वर्षानुवर्षे तेच खजिनदार उरतात. म्हणूनच दिवाळीच्या सुटीत किंवा जोडून आलेल्या शनिवार-रविवारी भरणारे तरुणांचे नेतृत्व शिबिर वरवर सहलीसारखे दिसले, तरी त्याच्यावर बरेच काही अवलंबून असते.

एकांताची जुनी परंपरा

रोजच्या व्यापातून बाजूला होऊन मनाची झडती घ्यायची, ही रीत जुनी आहे. इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश संताची 'आध्यात्मिक साधना' पोपने 1548 मध्ये मान्य केली. तिचा पूर्ण क्रम सुमारे 30 दिवसांचा. आजच्या कॅथलिक शिबिरांतले मौनाचे तास तिकडूनच आले आहेत.

प्रोटेस्टंट तरुणांच्या शिबिरांचे मूळ शोधताना वाट कोल्हापुरात येते. रॉबर्ट वाइल्डर या मिशनऱ्याच्या मुलाचा जन्म 1863 मध्ये तिथेच झाला. जुलै 1886 मध्ये अमेरिकेतल्या माउंट हर्मन येथे सुप्रसिद्ध प्रचारक डी. एल. मूडी यांच्या पुढाकाराने महाविद्यालयीन तरुणांचे उन्हाळी शिबिर भरले. 251 विद्यार्थी आले होते. त्यातल्या 100 जणांनी परदेशी सेवेला जाण्याची तयारी लिहून दिली, आणि त्यामागे वाइल्डरचा मोठा हात होता. त्यातून 1888 मध्ये विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली.

त्याआधी, 1881 मध्ये, अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने 'ख्रिश्चन एंडेव्हर' ही तरुणांची संघटना सुरू केली होती. त्याची कल्पना साधी होती: तरुणांना नुसते प्रवचन ऐकवू नका, सभा त्यांना चालवू द्या, समित्या त्यांच्या हाती द्या. ही लाट भारतातही पोहोचली आणि 1909 मध्ये एंडेव्हरचे जागतिक अधिवेशन आग्र्यात भरले.

तरुणांवर विश्वास टाकण्याचे उदाहरण खुद्द जळगावातही आहे. 1907 च्या कवी संमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या पोराला 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. धर्म वेगळा, वयात मोठे अंतर, पण टिळकांनी आधी गुण पाहिला. आणि एकांताचे म्हणाल, तर धुळ्याचा तुरुंग कोण विसरेल? 1932 मध्ये विनोबांनी तिथे रविवारच्या रविवार गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली. बाहेरचे जग तुटले की माणसे नीट ऐकतात, हे खानदेशाला नवे नाही.

शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार

शिबिराची जागा बहुधा सुटीत रिकामे झालेले वसतिगृह किंवा मिशन कंपाउंडातली शाळा. उन्हाळ्यात खानदेश तापतो तेव्हा तोरणमाळसारखी उंचावरची जागा बरी पडते. शुक्रवारी संध्याकाळी गाडीने मुले उतरतात. नवापूरकडची मावची बोलतात, जळगाव-धुळ्याकडची आपसांत अहिराणीत चेष्टा करतात, माइकसमोर मात्र सगळ्यांची प्रमाण मराठी. पहिल्या रात्री ओळख, गाणी, खिचडी. शनिवारी पहाटे शांत समय, मग बायबल अभ्यास, गटचर्चा, दुपारी कार्यशाळा, रात्री ढोलकी-कीबोर्डवर भजने आणि साक्ष. रविवारची उपासना तरुणांनीच चालवायची. जेवणात एकदा तरी शेवभाजी किंवा वरण-बट्टी हवीच, नाहीतर शिबिर खानदेशात झाले असे कोणी मानत नाही.

एवढ्यावर शिबिर थांबले, तर सोमवार उजाडेपर्यंत सगळा उत्साह ओसरलेला असतो. नेतृत्व मुरते ते शनिवार दुपारच्या कार्यशाळेत. एका टेबलावर थैली उपडी केली जाते. चुरगळलेल्या नोटा, नाणी, दानाची पाकिटे. मोजायला दोघे, तिसरा कीर्द लिहिणार. एकटा कधीच मोजणार नाही, हा पहिला नियम. पाकिटावरचा आकडा आणि आतली रक्कम जुळते का, बघायचे. पोचपावती फाडायची. बेरीज चुकली तर खोडायचे नाही, रेघ मारून वर सही करायची. दुसऱ्या गटाकडे इतिवृत्ताची वही. खोटी बैठक भरवतात, विषय मुद्दाम भांडणाचा: सभागृहाला पंखे घ्यायचे की पाळकांच्या घराचे छत दुरुस्त करायचे? आवाज चढतात, एक जण रुसून उठतो. मग ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिले, विरोध कोणाचा, हे शांतपणे लिहायचे असते. ज्याला आपल्या विरोधकाचे म्हणणे जसेच्या तसे लिहिता येते, त्याच्याकडे मंडळी सोपवायला हरकत नाही.

कायदाही शिकावा लागतो

राज्यातल्या बहुतेक चर्च-संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. विश्वस्त बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हिशेब दरवर्षी लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावे लागतात. संस्थेची जमीन विकायची झाली, तर कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी हवी. आपल्याकडे विश्वस्तांची भांडणे वर्षानुवर्षे कोर्टात रेंगाळतात, ती बहुतेक वेळा श्रद्धेवरून नसतातच. न दिलेला बदल अर्ज, न झालेली निवडणूक, परस्पर केलेला जमिनीचा व्यवहार, हीच कारणे असतात. प्रार्थना मनापासून करणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसेल, तर उद्या कोणीही त्याची सही घेऊन मोकळा होईल. म्हणून एका सत्राला स्थानिक वकील किंवा सनदी लेखापाल बोलवावा.

मुलींचा प्रश्नही याच यादीत येतो. स्वयंपाकघर, रांगोळी आणि गाण्याचा सराव त्यांच्याकडे, सूत्रसंचालन आणि हिशेब मुलांकडे, अशी वाटणी अजून दिसते. पंडिता रमाबाईंनी केडगावला संस्था उभी करून चालवून दाखवली, त्याला शंभराहून जास्त वर्षे झाली. तरीही खजिनदारपदासाठी मुलीचे नाव कोणी सुचवले, की सभेत कुजबुज होते. शिबिरात कामांची चिठ्ठी काढली, तर ही सवय मोडते. राहण्याच्या वेगळ्या खोल्या, जबाबदार महिला सोबती आणि तक्रार कोणाकडे करायची याची पहिल्याच रात्री दिलेली माहिती, यांवर तडजोड नको.

शिबिर फसते कधी? बाहेरचे वक्ते तीन दिवस बोलत राहतात तेव्हा. घरी गेल्यावर तरुणांच्या हाती काहीच दिले जात नाही तेव्हा. प्रमाणपत्र भिंतीवर टांगले जाते आणि दानपेटीची किल्ली त्याच जुन्या खिशात राहते. याला उपाय एकच: शिबिर संपण्याआधी प्रत्येक मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी आपल्या मुलामुलींना एक ठरावीक काम लेखी द्यावे आणि सहा महिन्यांनी त्याचा हिशेब मागावा.

मंडळी ख्रिस्ती असो, वारकऱ्यांची असो की गावच्या गणेश मंडळाची, तरुण येत नाहीत ही तक्रार सगळीकडे आहे. त्यांना खुर्च्या लावायला बोलावून पुढच्या पिढीचे नेते तयार होत नाहीत. या दिवाळीत आपापल्या संस्थेतल्या वडीलधाऱ्यांनी एक करावे: कीर्दवही एखाद्या पंचविशीतल्या मुलीकडे द्यावी, आणि ती विचारील त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे.