वही-पेन्सिल घेऊन ‘ऑर्व्हिल’ची सफर

अंतराळावरची एखादी मालिका लागली की घरात दोन प्रकारचे प्रेक्षक दिसतात. एकाला पडद्यावरचे सगळेच खरे वाटते. दुसरा पाच-पाच मिनिटांनी “छे, असे कधी होईल का?” म्हणतो आणि इतरांच्या रंगाचा बेरंग करतो. या दोघांपेक्षा निराळी अशी एक तिसरी रीत आहे. मालिका चालू असताना कथेत रमायचे, विनोदाला पोटभर हसायचे आणि भाग संपला की वही-पेन्सिल घेऊन बसायचे. ही रीत कशी वापरावी, ते आज एका मालिकेच्या आधारे पाहू या.

मालिकेचे नाव ‘द ऑर्व्हिल’. सेथ मॅकफार्लेन या अमेरिकन लेखक-अभिनेत्याने ती निर्माण केली. १० सप्टेंबर २०१७ रोजी ती अमेरिकेत सुरू झाली आणि २०२२ पर्यंत तीन पर्वांत मिळून तिचे ३६ भाग झाले. कथेचा काळ पंचविसाव्या शतकातला. ‘ऑर्व्हिल’ हे यानाचे नाव. ते ऐकताच राइट बंधूंपैकी धाकटा ऑर्व्हिल राइट आठवतो. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्याने केलेले पहिले उड्डाण अवघे १२ सेकंदांचे होते आणि त्यात विमानाने ३७ मीटरच्या आसपास अंतर कापले.

या यानावरची मंडळी मात्र वीरपुरुषांसारखी मुळीच वागत नाहीत. कप्तान एड मर्सर आणि त्याची दुय्यम अधिकारी केली ग्रेसन हे एकेकाळचे पती-पत्नी. शत्रू समोर उभा असतानाही त्यांची जुनी भांडणे उकरून निघतात. एक अभियंता म्हणजे जेलीचा चालता-बोलता गोळा. एक अधिकारी वाटेल ते खाऊन पचवतो. एखाद्या कचेरीत चालाव्यात तशा यांच्या कुरबुरी चालतात आणि त्यातच नव्या ग्रहांचे शोध लागतात.

पूर्वजांना नमस्कार

ही मालिका पाहताना जुन्या प्रेक्षकांना लगेच ‘स्टार ट्रेक’ आठवते. ती मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली होती. दर आठवड्याला नवा ग्रह, नवी अडचण, आणि शस्त्रापेक्षा विचाराने ती सोडवण्याची धडपड हा तिचा साचा. ‘ऑर्व्हिल’ने तो उघडपणे उचलला आहे. यात लपवाछपवी नाही. ‘स्टार ट्रेक’च्या नंतरच्या मालिकांचे लेखक-निर्माते ब्रॅनन ब्रागा हे ‘ऑर्व्हिल’च्याही निर्मात्यांपैकी एक आहेत. ‘नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेत दुय्यम अधिकाऱ्याची भूमिका करणारे जोनाथन फ्रेक्स यांनी ‘ऑर्व्हिल’चे काही भाग दिग्दर्शित केले. खुद्द मॅकफार्लेनने ‘स्टार ट्रेक’च्या एका मालिकेत छोटीशी भूमिका केली होती. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०१४ साली कार्ल सेगन यांची ‘कॉसमॉस’ ही विज्ञानमालिका नव्या रूपात आली, तिच्या निर्मात्यांतही मॅकफार्लेन होता. त्यामुळे हा माणूस थट्टा करतो तो विज्ञानावर प्रेम असलेला माणूस म्हणून करतो.

यानात उगवलेले झाड

आता वही उघडा. पहिल्याच भागात एक अजब यंत्र दिसते. ते आपल्या क्षेत्रातला काळ भराभर पुढे ढकलते. शत्रूला हे यंत्र हवे असते. केली एक युक्ती करते. यंत्राला रेडवुड झाडाचे एक बी चिकटवून ते शत्रूच्या हवाली केले जाते. मग यंत्र सुरू होते आणि क्षणार्धात वाढलेला वृक्ष शत्रूचे यान फोडून बाहेर येतो!

प्रसंग मोठा गमतीचा आहे. रेडवुड हा जगातला सर्वांत उंच वृक्ष. कॅलिफोर्नियात ११५ मीटरहून उंच रेडवुड उभा आहे. पण हसून झाल्यावर एक प्रश्न विचारा. काळ पुढे गेला हे मान्य. पण झाडाचे लाकूड आले कुठून?

बेल्जियमच्या व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञाने हाच प्रश्न सतराव्या शतकात विचारला होता. त्याने कुंडीत सुकवून तोललेली माती भरली आणि सुमारे सव्वादोन किलोचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाडाचे वजन सुमारे ७७ किलो झाले. माती मात्र जेमतेम ५० ते ६० ग्रॅमने घटली. म्हणजे झाड माती खाऊन वाढत नाही. सगळे वजन पाण्यातून आले असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच बरोबर होता. झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घेते आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यातील कार्बनपासून आपले शरीर घडवते, हे पुढे कळले.

आता हिशेब करू. कोरड्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन कार्बनचे असते. समजा, आपल्या वृक्षात १० टन कोरडे लाकूड आहे. मग ५ टन, म्हणजे ५० लाख ग्रॅम कार्बन हवा. आपल्या भोवतालच्या एक घनमीटर हवेत कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने असलेला कार्बन असतो सुमारे ०.२ ग्रॅम. भागाकार केला की उत्तर येते अडीच कोटी घनमीटर हवा! लांबी, रुंदी आणि उंची सुमारे ३०० मीटर असलेल्या प्रचंड खोलीत ती मावेल. माणसांच्या श्वासोच्छ्वासामुळे यानातील हवेत हा वायू दहापट आहे असे धरले, तरी २५ लाख घनमीटर हवा लागेल. शिवाय पाणी आणि प्रकाश वेगळेच. काळ कितीही पळवला, तरी जवळ सामान नसेल तर झाड उभे राहणार नाही.

म्हणून हा प्रसंग टाकाऊ ठरतो का? मुळीच नाही. एका विनोदाने आपल्याला प्रकाशसंश्लेषणाचा धडा पुन्हा काढायला लावला.

वेगवान यान आणि संथ यान

‘ऑर्व्हिल’ प्रकाशापेक्षा वेगाने धावते. आज माहीत असलेल्या भौतिकशास्त्रानुसार वस्तुमान असलेल्या कोणत्याही पदार्थाला प्रकाशाचा वेग गाठता येत नाही, तो ओलांडणे दूरच. मग कथाकार असे यान का घेतात? कारण त्याशिवाय कथा पुढे सरकणार नाही.

व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, म्हणजे या यानाच्या साडेसतरा हजार पटींहून अधिक. सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. व्हॉयेजरच्या वेगाने तिथे जायचे तर सुमारे ७५ हजार वर्षे लागतील.

तेव्हा निसर्गाचे नियम पाळायचे तर एकच मार्ग उरतो: यानच इतके मोठे करायचे की त्यात माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या जगतील. निघणारे एक, पोहोचणारे त्यांचे दूरचे वंशज. जे. डी. बर्नाल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२९ सालीच अंतराळात तरंगणाऱ्या पोकळ गोलातील वस्तीची कल्पना मांडली होती. ‘ऑर्व्हिल’च्या पहिल्या पर्वातील चौथा भाग अशाच एका यानाबद्दल आहे.

आकाश न पाहिलेले लोक

या भागात ‘ऑर्व्हिल’च्या मंडळींना एक अवाढव्य यान अंतराळात वाहत चाललेले दिसते. त्याची यंत्रे दोन हजार वर्षांपूर्वी निकामी झाली आहेत. तरी ते थांबलेले नाही, हे लक्षात घ्या. न्यूटनचा गतीचा पहिला नियम हेच सांगतो: बाहेरून बल लागले नाही तर गती तशीच राहते. ते एका ताऱ्याच्या दिशेने चालले आहे आणि काही महिन्यांत त्यावर आदळणार आहे.

आत शेते आहेत, गावे आहेत, माणसे आहेत. पण आपण यानात आहोत हे त्यांना ठाऊकच नाही! यान हेच त्यांचे विश्व. याच्या पलीकडे काही असेल, असे म्हणणाऱ्याला तिथले सत्ताधारी कठोर शिक्षा करतात. इथे मालिकेतला विनोद मागे पडतो. प्रश्न विचारायला बंदी झाली तर सारा समाज आगीकडे जात असूनही त्याला पत्ता लागणार नाही, ही या भागातली गंभीर गोष्ट आहे.

आता पूर्वजांकडे वळू. १९४१ साली ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या अमेरिकन मासिकात दोन कथा आल्या. रॉबर्ट हाइनलाइनच्या ‘युनिव्हर्स’ या कथेतील लोक आपले यान हेच विश्व मानतात. दुसरी कथा आयझॅक ॲसिमोव्हची ‘नाइटफॉल’. तिच्यातल्या ग्रहाला सहा सूर्य आहेत, त्यामुळे तिथे २०४९ वर्षांतून एकदाच रात्र होते. या कथेचे बीज असे: अमेरिकन विचारवंत इमर्सन याने १८३६ साली लिहिले होते की तारे हजार वर्षांतून एकाच रात्री दिसले असते तर माणसांनी ते किती भक्तिभावाने पाहिले असते! मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल यांना मात्र वाटले की माणसे वेडी होतील. त्यांनी एकवीस वर्षांच्या ॲसिमोव्हला यावर कथा लिहायला सांगितले. ॲसिमोव्हच्या कथेत तारे दिसताच लोक खरोखरच भ्रमिष्ट होतात.

‘ऑर्व्हिल’च्या या भागाचे शीर्षक इमर्सनच्या त्याच वाक्यातून घेतले आहे. शेवटी यानाचे छत उघडते आणि तिथले लोक जन्मात पहिल्यांदा तारे पाहतात. ते वेडे होत नाहीत; थक्क होऊन पाहत राहतात. म्हणजे नव्या कथेने प्रश्न जुनाच घेतला, पण उत्तर आपले दिले. थोरांचा मान राखण्याची ही चांगली रीत आहे. नक्कल करणारा उत्तरही उसने घेतो.

बंद यानात बसून ओळखता येईल का?

समजा, तुम्ही अशा यानात जन्मला आहात आणि छत काही उघडत नाही. आपण फिरत्या यानात आहोत हे तुम्हाला शोधून काढता येईल का?

यान सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने जात असेल तर नाही. गॅलिलिओने १६३२ सालीच सांगितले होते की संथ चालणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत थेंब सरळच खाली पडतात, फुलपाखरे सगळीकडे सारखीच उडतात. धक्के न देता धावणाऱ्या आगगाडीत हातातून सुटलेला चेंडू पायाशीच पडतो, हे तुम्हीही अनुभवले असेल.

पण यान स्वतःभोवती फिरत असेल तर गोष्ट वेगळी. ‘ऑर्व्हिल’मध्ये गुरुत्वाकर्षण जणू कळ दाबली की मिळते. प्रत्यक्षात मात्र आपल्याला माहीत असलेला व्यवहार्य उपाय एकच: मोठे नळकांडे फिरवायचे. आतल्या माणसाचे शरीर सरळ जाऊ पाहते, फिरती भिंत त्याला सतत आत ढकलते आणि ती भिंतच त्याला जमीन वाटते. नळकांड्याची त्रिज्या २५० मीटर असेल तर सुमारे ३२ सेकंदांत एक फेरी झाली की पृथ्वीवरच्याइतके वजन जाणवेल.

अशा यानात दोन मीटर उंचीवरून चेंडू सोडा. तो सरळ खाली पडणार नाही. फिरण्याच्या उलट बाजूला सुमारे १७ सेंटिमीटर सरकून पडेल! हातातून सुटलेला चेंडू सरळ रेषेत जातो आणि मधल्या वेळात जमीन त्याच्या थोडी पुढे निघून जाते. तारे न पाहताही एखादी चौकस मुलगी यावरून ‘आपले जग फिरते आहे’ असे अनुमान काढू शकेल. १८५१ साली फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये लांब लंबक टांगून पृथ्वीचे फिरणे दाखवून दिले, ते असेच आकाशाकडे न पाहता. त्या मुलीपुढे अडचण मात्र एक असेल. जन्मापासून चेंडू तिरकाच पडताना पाहिला, तर त्यात विचारण्यासारखे काही आहे असे वाटणेच कठीण.

वर्गात करण्यासारखे

शिक्षकांना एक सूचना. या मालिकेतील काही विनोद आणि विषय मोठ्यांसाठी आहेत. म्हणून भाग आधी स्वतः पाहून निवडावा. मग मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगावे. पहिल्यात आज सिद्ध असलेल्या गोष्टी: निकामी यानाचे वाहत राहणे. दुसऱ्यात नियमांत बसणाऱ्या, पण अजून कोणी न केलेल्या गोष्टी: पिढ्यान्‌पिढ्यांचे यान. तिसऱ्यात कथेच्या सोयीसाठी घेतलेल्या गोष्टी: प्रकाशापेक्षा जास्त वेग, आणि निर्वात पोकळीत ऐकू येणारे स्फोटांचे आवाज. कोणती गोष्ट कोणत्या रकान्यात, यावर वाद होईल. तो होऊ द्यावा. मात्र प्रत्येकाने कारण दिले पाहिजे.

आणि विद्यार्थ्यांसाठी एक गणित. नळकांड्याची त्रिज्या २५० ऐवजी १००० मीटर केली, तर पृथ्वीइतके वजन जाणवण्यासाठी एक फेरी किती सेकंदांत व्हायला हवी? वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की उत्तर ९.८ यायला हवे, एवढे सूत्र पुरे आहे. उत्तर ६३ सेकंदांच्या आसपास आले तर तुमचे यान बरोबर फिरते आहे असे समजा.