शिबिराचा फायदा मोजायचा कसा?

कारखाने, बँका, एस.टी.ची आगारे अशा ठिकाणी हल्ली कर्मचाऱ्यांसाठी तपासणी शिबिरे, योगवर्ग, व्यसनमुक्तीची व्याख्याने होतात. ही चांगलीच गोष्ट आहे. शिबिर संपले की 'शेकडो कामगारांनी लाभ घेतला' अशी बातमी येते. पण त्यावरून एवढेच कळते की, इतक्या लोकांचा रक्तदाब मोजला. त्यांची प्रकृती सुधारली का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर काढणे वाटते तितके सोपे नाही.

पहिली अडचण अशी की, येणारे आणि न येणारे मुळातच वेगळे असतात. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. श्रेय सरळ जिन्याला देता आले असते. पण १९५६ साली त्यांनी गणवेशाची मापे तपासली, तेव्हा तरुण चालकांच्या विजारीही वाहकांपेक्षा कमरेला मोठ्या निघाल्या. म्हणजे काही फरक नोकरीला लागतानाच असावा. पुढे व्यायामाचा फायदा इतर अभ्यासांतून पक्का झाला. पण तुलना किती जपून करावी लागते, ते या विजारींनी दाखवले.

शिबिराचेही तसेच आहे. सकाळी फिरायला जाणारा, पथ्य पाळणारा माणूस योगवर्गाला आधी हजर होतो. तंबाखू मळणारा मागच्या दाराने निघून जातो. मग आलेल्यांची प्रकृती चांगली दिसली, तर त्याचे श्रेय वर्गाला कसे द्यायचे?

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ साली यावर उपाय म्हणून चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड केली. तयार झालेल्या ४,८३४ कर्मचाऱ्यांपैकी ३,३०० जणांना आरोग्य कार्यक्रम देऊ केला, १,५३४ जणांना दिला नाही. नुसती भाग घेणाऱ्यांची न घेणाऱ्यांशी तुलना केली, तेव्हा कार्यक्रम फार गुणकारी दिसला. पण चिठ्ठीने पडलेल्या दोन्ही गटांतील सर्वांची तुलना केल्यावर दवाखान्याच्या खर्चात आणि रजांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. भाग घेणारे आधीपासूनच कमी आजारी होते! एक फायदा मात्र दिसला: 'माझा नेहमीचा डॉक्टर आहे' असे सांगणारे वाढले.

दुसरी अडचण रक्तदाबाच्या स्वभावात आहे. तो दर तासाला बदलतो. ज्यांचा आकडा एके दिवशी जास्त आला, फक्त त्यांनाच पुन्हा मोजले, तर बऱ्याच जणांचा काही न करताही कमी भरतो. हा उतार शिबिराच्या खात्यावर जमा करू नये.

हा नुसता हिशेबाचा वाद नाही. मध्यंतरी अर्धांगवायूचा झटका आलेल्या एका कामगाराला घरच्यांनी माझ्याकडे आणले. सोबतच्या फाईलमध्ये दोन वर्षांपूर्वीच्या शिबिराचा कागद होता. त्यावर रक्तदाब १८०/११०. त्यानंतर त्याला कोणी बोलावले नाही, गोळी सुरू झाली नाही. शिबिराच्या अहवालात मात्र 'लाभ घेतलेल्यां'मध्ये तो मोजला गेला असणार.

म्हणून शिबिर घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी कराव्यात:

१. आलेल्यांचीच नव्हे, तर हजेरीपटावरील सर्वांची नोंद ठेवावी.

२. सर्व विभागांना एकाच वर्षी कार्यक्रम देणे जमत नसेल, तर कोणाला आधी द्यायचा ते चिठ्ठीने ठरवावे. उरलेल्यांना पुढच्या वर्षी द्यावा. तोवर दोन्हींची तुलना आपोआप होते.

३. पाच मिनिटे शांत बसवून, दोन वेळा रक्तदाब मोजावा. वर्षानंतरही त्याच पद्धतीने मोजावा.

४. वर्षानंतर मुख्य प्रश्न विचारावा: ज्यांचा रक्तदाब वाढलेला सापडला, त्यांपैकी किती जण आज नियमित औषध घेतात आणि किती जणांचा १४०/९० च्या खाली आहे? तसेच मधुमेहींचे आणि तंबाखू सोडलेल्यांचे.

ही वही ठेवायला मोठा खर्च लागत नाही. एक जबाबदार माणूस लागतो. शिबिरे बंद करा, असे माझे म्हणणे नाही. रक्तदाब आणि मधुमेह बहुधा कुरबूर न करता वाढतात, तपासल्याशिवाय सापडत नाहीत. पण तपासणी ही उपचाराची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

आणि कामगार बंधुभगिनींनो, शिबिरात मिळालेला कागद कपाटात ठेवू नका. त्यावरचा आकडा जास्त असेल, तर काही त्रास होत नसला तरी त्याच आठवड्यात तो आपल्या डॉक्टरांना दाखवा.