छातीतला भाता

लोहाराचा भाता आपण पाहिला आहे. तो फुगला की हवा आत येते. दबला की बाहेर जाते. आपल्या छातीतही असाच भाता आहे.

नाकातून आलेली हवा श्वासनळीत जाते. नळीला दोन फाटे फुटतात. एक उजव्या फुप्फुसात जातो, एक डाव्या. पुढे झाडाच्या फांद्यांसारखे बारीक फाटे होतात. शेवटी हवेच्या इवल्या इवल्या पिशव्या असतात. तेथे रक्त हवेतला प्राणवायू घेते व खराब वायू सोडते.

हा भाता ओढतो कोण? छाती व पोट यांच्या मध्ये स्नायूचा पडदा आहे. तो खाली सरकला की छाती फुगते. म्हणून निजलेल्या बाळाचे पोट वरखाली होताना दिसते.

न्यूमोनिया झाला की त्या पिशव्यांत पाणी व पू भरतो. एका श्वासात हवा पुरत नाही. मग भाता भराभर चालतो. मुलाला खोकला असेल, तर ते शांत असताना घड्याळ लावून पुरते एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा जास्त भरले, तर त्याला तडक दवाखान्यात न्या. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तरीही न्या.

काही लोक याला डबा म्हणतात व पोटावर डाग देतात. डागाने आतले पाणी आटत नाही. पोर मात्र भाजते. वेळेवर औषध मिळाले, तर बहुतेक मुले बरी होतात. उद्यावर टाकू नका.