आस-दंतचक्र गुणोत्तर
(मोठे टायर बसविलेल्या पिकअप गाडीतील निवड)

मोटारगाडीच्या चालक आसात बसविलेल्या शेवटच्या दंतचक्र जोडीमुळे प्रचालक दंडाच्या गतीत जी घट होते तिचे प्रमाण दाखविणारी संख्या. प्रचालक दंडाचे जितके फेरे झाले असता चाकाचा एक फेरा पूर्ण होतो तितके हे गुणोत्तर असते. उदा., ४·१० गुणोत्तराच्या आसात दंडाचे ४·१० फेरे झाल्यावर चाक एकदा फिरते. गाडीचा निर्माता हे गुणोत्तर एंजिन, गिअर पेटी, गाडीचे वजन व टायरचा व्यास यांचा एकत्रित विचार करून ठरवितो. यांपैकी टायरचा व्यास बदलला, तर बाकी काही न बदलताही सर्व हिशेब विस्कटतो. पिकअप गाड्यांना (मागे उघडा मालकक्ष असलेल्या हलक्या मालमोटारींना) खडकाळ वा चिखलाच्या वाटांसाठी मोठे टायर बसविण्याची प्रथा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष रूढ असून गुणोत्तराच्या निवडीचा प्रश्न तेथे वारंवार उद्भवतो.

रचना : गिअर पेटीतून निघालेला प्रचालक दंड मागील आसापर्यंत जातो. त्याच्या टोकास पिनियन हे लहान दंतचक्र असते व ते क्राउन या मोठ्या कंकणाकृती दंतचक्रात अडकलेले असते. या जोडीमुळे गतीची दिशा काटकोनात वळते व गती कमी होऊन पीडन परिबल (फिरविणारा जोर) त्याच प्रमाणात वाढते. क्राउनच्या दात्यांच्या संख्येस पिनियनच्या दात्यांच्या संख्येने भागले असता गुणोत्तर मिळते. ४१ व ११ दाते असल्यास ३·७३, ४१ व १० असल्यास ४·१०, ४१ व ९ असल्यास ४·५६, ३९ व ८ असल्यास ४·८८ आणि ४१ व ८ असल्यास ५·१३ ही गुणोत्तरे येतात. दात्यांची संख्या पूर्णांकच असावी लागत असल्याने मनात येईल ते गुणोत्तर मिळत नाही. बाजारात तयार मिळणाऱ्या या ठराविक पायऱ्यांमधूनच निवड करावी लागते.

संख्या मोठी असलेल्या गुणोत्तरास कारागीर ‘खालचे’ आणि संख्या लहान असलेल्यास ‘वरचे’ गुणोत्तर म्हणतात. गिअर पेटीतील पहिल्या, म्हणजे खालच्या गिअरचे गुणोत्तर सर्वांत मोठे असते, या वस्तुस्थितीशी ही भाषा सुसंगत आहे. तरीही तिच्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. म्हणून मागणी नोंदविताना नेहमी संख्याच सांगणे इष्ट असते.

टायरच्या व्यासाचा परिणाम : चाक एकदा फिरले म्हणजे गाडी टायरच्या परिघाइतकी पुढे जाते. व्यास वाढल्यास परिघ वाढतो आणि तेच अंतर तोडण्यास चाकाचे व पर्यायाने एंजिनाचे फेरे कमी लागतात. दुसरीकडे, आसापाशी उपलब्ध असलेले परिबल तेच राहून त्रिज्या वाढल्यामुळे रस्त्यावर मिळणारी ओढ कमी होते. थोडक्यात, मोठा टायर बसविणे म्हणजे आसाचे गुणोत्तर न कळत वरचे करणे होय. चढणीवर गाडी रेटत नाही, स्वयंचलित गिअर पेटी वरच्या गिअरमध्ये टिकत नाही व वारंवार खालीवर होते, परिबल परिवर्तकात घसरण वाढून तेल तापते. माणसाने चालविण्याच्या गिअर पेटीत गाडी सुरू करताना क्लच अधिक काळ अर्धवट दाबून धरावा लागतो व तो लवकर झिजतो.

हिशेबाची रीत : मूळ गुणोत्तरास नव्या टायरच्या व्यासाने गुणून जुन्या टायरच्या व्यासाने भागले असता मूळ वर्तन परत देणारे गुणोत्तर मिळते. टायरवरील खुणेवरून व्यास काढता येतो. २८५/७०आर१७ या खुणेत रुंदी २८५ मिमी., बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के व रिमचा व्यास १७ इंच (४३१·८ मिमी.) असतो. यावरून टायरचा व्यास ४३१·८ अधिक दोन वेळा १९९·५, म्हणजे सु. ८३१ मिमी. (३२·७ इंच) येतो. गाडीच्या भाराखाली टायर थोडा दबत असल्याने प्रत्यक्ष परिघ यापेक्षा काहीसा कमी भरतो. परंतु दोन्ही टायर सारखेच दबत असतील, तर भागाकारात हा फरक जवळजवळ निघून जातो. काही टायरांचा प्रत्यक्ष व्यास छापलेल्या इंचांपेक्षा कमी असतो, म्हणून शक्य तेथे मोजमाप घ्यावे.

उदाहरण : २०२० सालचे प्रतिमान म्हणून बाजारात आलेली जीप ग्लॅडिएटर ही पिकअप गाडी या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. तिच्या स्पोर्ट या साध्या प्रकारात २४५/७५आर१७ टायर (व्यास सु. ७९९ मिमी.) व ३·७३ गुणोत्तर, तर रुबिकॉन या खडतर वाटांसाठीच्या प्रकारात वर दिलेला ८३१ मिमी. व्यासाचा टायर व ४·१० गुणोत्तर निर्मात्यानेच दिले. केवळ व्यासाचा हिशेब केला, तर रुबिकॉनला ३·८८ पुरेसे होते. निर्मात्याने त्याहून खालचे गुणोत्तर निवडले, याचे कारण या गाडीचे काम अधिक कष्टाचे आहे.

रुबिकॉनच्या मालकाने ३७ इंची (सु. ९४० मिमी.) टायर बसविले असे मानल्यास व्यास १३·१ टक्क्यांनी वाढतो व रस्त्यावरील ओढ ११·६ टक्क्यांनी घटते. वरील रीतीने ४·१० चे तुल्य गुणोत्तर ४·६४ येते. हे बाजारात मिळत नाही. त्याच्या एका बाजूस ४·५६ व दुसऱ्या बाजूस ४·८८ आहे. या गाडीच्या आठ गतींच्या स्वयंचलित गिअर पेटीत आठव्या गिअरचे गुणोत्तर ०·६७ आहे. ताशी १०० किमी. वेगाला मूळ टायरवर एंजिनाचे दर मिनिटास सु. १,७५० फेरे होतात. ३७ इंची टायर व ४·१० गुणोत्तर असताना ते १,५५० पर्यंत उतरतात. गुणोत्तर ४·५६ केल्यास सु. १,७२५, ४·८८ केल्यास सु. १,८५० व ५·१३ केल्यास सु. १,९४० होतात. या गाडीच्या ३·६ लिटर पेट्रोल एंजिनाचे कमाल परिबल ३५३ न्यूटन-मीटर असून ते मिनिटास ४,४०० फेऱ्यांना मिळते. अशा एंजिनास १,५५० फेऱ्यांवर वाऱ्याविरुद्ध वा चढणीवर गाडी ओढणे जड जाते, आणि आठवा गिअर नावापुरताच उरतो.

अतिमंद गतीचा विचार वेगळा करावा लागतो. पहिला गिअर (४·७१), वाटप पेटीतील मंद गतीचा गिअर (४·००) व आस (४·१०) यांचा गुणाकार ७७·२ होतो. चालकाला खडकावरून गाडी पावलापावलाने न्यावयाची असते तेव्हा हीच संख्या महत्त्वाची ठरते. ३७ इंची टायरमुळे ती परिणामतः ६८·३ वर येते. ४·८८ गुणोत्तराने मूळ टायरच्या मानाने ती ८१·३ होते, म्हणजे गेलेले परत मिळून थोडी भरही पडते.

निवडीचे निकष : तुल्य गुणोत्तर मिळाल्यावर त्याच्या लगतच्या दोन पायऱ्यांपैकी कोणती घ्यावयाची हे गाडीच्या उपयोगावरून ठरते. मोठा टायर केवळ उंच नसतो, तर जडही असतो. त्याच्या वजनाचा मोठा भाग परिघापाशी असल्यामुळे तो फिरविण्यास व थांबविण्यास अधिक ऊर्जा लागते. त्याबरोबर गाडी उंचावली जाते, पोलादी बंपर व विंच चढतात आणि हवेचा विरोध वाढतो. गणितातील गुणोत्तरात यांपैकी कशाचाच हिशेब नसतो. म्हणून जोडगाडी (ट्रेलर) ओढणे, डोंगराळ प्रदेश वा खडकाळ वाटा असा उपयोग असल्यास खालची पायरी, आणि सपाट हमरस्त्यावरील लांबचा प्रवास मुख्य असल्यास वरची पायरी घेणे सयुक्तिक ठरते. ज्या डिझेल एंजिनांचे कमाल परिबल कमी फेऱ्यांना मिळते त्यांना तितके खालचे गुणोत्तर लागत नाही.

फेरे कमी म्हणजे इंधन कमी, ही समजूत पूर्णतः बरोबर नाही. एंजिन फार मंद फिरू लागल्यास चालकास प्रवेगक अधिक दाबावा लागतो, गिअर पेटी खाली उतरते व अपेक्षित बचत होत नाही. उलट, अतिशय खालच्या गुणोत्तराने एंजिन सतत वेगाने फिरून आवाज, झीज व इंधनाचा खर्च वाढतो. ज्या गिअर पेट्यांत गती थोड्या आहेत त्यांत आसाच्या निवडीचे महत्त्व अधिक; आठ वा दहा गतींच्या पेट्यांत पहिला गिअर बराच खाली असल्यामुळे व्यासातील ५ टक्क्यांच्या आसपासची वाढ बहुधा निभावून जाते. उदा., याच रुबिकॉनला ३१५/७०आर१७ टायर बसविल्यास व्यास केवळ ५·१ टक्क्यांनी वाढतो व तुल्य गुणोत्तर ४·३१ येते. हलक्या उपयोगाच्या गाडीत मूळ ४·१० ठेवूनही काम चालते.

मर्यादा : गुणोत्तर खालचे होत जाते तसे पिनियनचे दाते कमी होतात व त्याचा आकार लहान होतो. एका वेळी एकमेकांत अडकलेल्या दात्यांवर पडणारा भार वाढतो, म्हणून सर्वांत खालचे गुणोत्तर हे सर्वांत मजबूत नसते. शिवाय पिनियन लहान झाले की क्राउन त्याच्याकडे अधिक सरकवावे लागते. यामुळे काही आसांत ठराविक मर्यादेपलीकडे डिफरन्शियलचे घरही बदलावे लागते. डेना ४४ या आसाच्या जुन्या बनावटीत ३·७३ पर्यंत एक व ३·९२ पासून पुढे दुसरे घर लागे. चारही चाकांना चालना असलेल्या गाडीत पुढील व मागील आसांची गुणोत्तरे एकच असणे अत्यावश्यक असते. ती भिन्न असल्यास कठीण रस्त्यावर चारचाकी चालना लावताच दोन्ही आस परस्परांविरुद्ध ओढू लागतात आणि वाटप पेटी वा दंड मोडतो. त्यामुळे अशा गाडीत खर्चही दुप्पट होतो.

बसवणी : क्राउन व पिनियन एकमेकांत अचूक बसविणे हे कुशल कारागिराचे काम आहे. पिनियनची खोली, धारव्यांवरील पूर्वभार व दात्यांमधील मोकळीक (बहुधा ०·१५ ते ०·२५ मिमी.) पातळ चकत्या घालून साधावी लागते. दात्यांना रंग लावून जोडी फिरविली असता उमटणाऱ्या ठशावरून दाते योग्य ठिकाणी टेकतात की नाही हे कळते. ठसा दात्याच्या टोकाशी वा मुळाशी सरकलेला असल्यास जोडी गुणगुणते व अकाली झिजते. नव्या जोडीवर पहिले सु. ८०० किमी. जड भार टाकू नये. आरंभीचे प्रवास छोटे ठेवून मध्ये आस थंड होऊ द्यावा व त्यानंतर तेल बदलावे.

वेगदर्शक व सुरक्षितता : टायर बदलल्यावर वेगदर्शक चुकीचा वेग दाखवितो. वरील उदाहरणात काटा ताशी १०० किमी. दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ताशी ११३ किमी. धावत असते, व अंतरमापक कमी अंतर नोंदवितो. अलीकडील गाड्यांत टायरचा व्यास व आसाचे गुणोत्तर नियंत्रक संगणकात नव्याने नोंदवावे लागते. अन्यथा गिअर बदलण्याची वेळही चुकते. गुणोत्तर बदलल्याने गाडीची ओढ परत मिळते, ब्रेकची शक्ती मात्र मिळत नाही. ब्रेक चाकापाशी असल्याने त्यांच्यावर आसाच्या दंतचक्रांचा काही परिणाम होत नाही. त्रिज्या वाढली की त्याच दाबास रस्त्यावरील रोधक प्रेरणा कमी पडते आणि जड चाक थांबविण्याचे कामही वाढते. वरील ३७ इंची टायरने आस जमिनीपासून सु. ५४ मिमी. उंच जातो, पण गाडीचा गुरुत्वमध्यही वर सरकून ती कलंडण्याचा धोका वाढतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने दिलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई असून सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये या तरतुदीवर भर दिला आहे.

पूर्वपीठिका : एंजिनाची शक्ती मर्यादित असताना गुणोत्तराने तिची भरपाई करण्याची रीत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी या लष्करी जीपचे गुणोत्तर ४·८८ होते. १९४५ मध्ये नागरी उपयोगासाठी निघालेल्या सीजे-२ए या जीपला शेतीची अवजारे ओढता यावीत अशी अपेक्षा असल्याने तिला ५·३८ हे आणखी खालचे गुणोत्तर देण्यात आले. याच मालिकेतील सीजे-३बी ही जीप पुढे मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीने भारतात बनविली. वेगापेक्षा ओढ महत्त्वाची मानणाऱ्या या गाड्यांनी कमी शक्तीच्या एंजिनावर कच्च्या रस्त्यांची व घाटांची कामे केली. आजच्या पिकअप गाडीचे एंजिन त्याहून कितीतरी शक्तिमान असले, तरी टायर, दंतचक्रे व एंजिन यांचा मेळ घालण्याचे तत्त्व तेच आहे.